तीस गोळ्यांचा हिशेब

माझ्या औषधाच्या दुकानात गल्ल्यामागच्या फळीवर एक लांबट रजिस्टर असते. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-वनमधले कोणतेही औषध विकले, की त्यात डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि नग लिहावे लागतात आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. झोपेच्या गोळ्या, कोडीनचे खोकल्याचे औषध, क्षयरोगावरची औषधे, काही अँटिबायोटिक्स या यादीत येतात. औषध निरीक्षक कधीमधी येऊन पाने चाळतात. एरवी ते रजिस्टर माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. गेल्या वर्षी त्यातल्या चार ओळींनी माझी दोन आठवड्यांची झोप घालवली, आणि त्या ओळी झोपेच्या गोळ्यांच्याच होत्या.

नाव एकच, महिने लागोपाठ चार, औषध अल्प्राझोलाम अर्धा मिलीग्रॅम, नग प्रत्येक वेळी तीस. मुलगा आमच्याच गल्लीतला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहितो आहे, पण तो विमानात फर्स्ट ऑफिसर आहे, म्हणजे कॅप्टनच्या शेजारी बसतो, हे बदलून चालणार नाही, कारण तेच नसते तर हे लिहिण्यासारखे काही उरले नसते. नागपूरच्या आमच्या खामल्यातून सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमाने स्पष्ट दिसतात, आणि हा लहानपणी आमच्या गच्चीवर बसून ती मोजत असे. त्याच्या वडिलांनी, जे माझे मित्र होते, वर्धा रोडकडचा प्लॉट विकून आणि वर कर्ज काढून त्याला वैमानिक केले आणि तो नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी ते गेले. त्याच्या आईची, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, रक्तदाबाची आणि थायरॉईडची गोळी वीस वर्षे माझ्याकडूनच जात होती.

चिठ्ठी बिनचूक होती. महाल भागातल्या एका फिजिशियनची सही, तारीख, शिक्का, सगळे जिथल्या तिथे. कायद्याने माझे काम तिथे संपत होते आणि पहिले तीन महिने मी स्वतःला तेच सांगितले. मुलाची नेमणूक हैदराबादला. महिन्यातून दोन-तीन दिवस तो आईकडे येतो आणि जाताना महिनाभराच्या गोळ्या घेऊन जातो. हैदराबादेत औषधाची दुकाने नाहीत काय, हा प्रश्न मला पहिल्याच महिन्यात पडायला हवा होता. पडला चौथ्या महिन्यात, गोळ्या देऊन झाल्यावर दोन दिवसांनी, जेव्हा वहिनी स्वतःचे औषध घ्यायला आल्या आणि हसत म्हणाल्या, "काय सांगू भाऊजी, रात्री अकराला निजला अन् चारला उठता उठत नव्हता. तोंडावर पाणी मारावं लागलं. पहाटेच्या विमानानं गेला, दुपारपासून ड्यूटी होती म्हणे." मीही हसलो. त्या गेल्यावर रजिस्टर काढले.

अल्प्राझोलाम रक्तात निम्मे व्हायला साधारण अकरा तास लागतात. रात्री अकराला घेतलेली गोळी पहाटे चारला निम्म्याहून बरीच जास्त शिल्लक असते आणि दुपारी दोनलाही तिचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग अंगात असतो. रोज घेणाऱ्याला सवय होते, त्याला ती गुंगी जाणवत नाही. पण न जाणवणे म्हणजे नसणे नव्हे, हे काउंटरच्या अलीकडे उभा राहणारा प्रत्येक माणूस अनुभवाने शिकतो. विमानात बसण्याआधी वैमानिकांची श्वासाची चाचणी होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. आपल्याकडचा तो नियम चांगला कडक आहे: उड्डाणापूर्वी बारा तास मद्य नाही, यंत्रावर आकडा शून्यच हवा, पहिल्यांदा सापडला तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. परंतु ते यंत्र फक्त दारू ओळखते. २०२२ च्या जानेवारीअखेरपासून मादक द्रव्यांसाठी अचानक तपासणीही सुरू झाली आहे, तिच्यात या जातीच्या गोळ्याही पकडल्या जातात, पण ती वर्षाला किमान दहा टक्के कर्मचाऱ्यांची करायची असते. बाकीच्यांच्या बाबतीत माणसाने स्वतः सांगावे, यावर सगळी भिस्त.

थोडक्यात, डॉक्टरांना गोळ्या माहीत होत्या, कंपनीला वैमानिक माहीत होता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत असलेला माणूस बहुधा मी एकटाच होतो. त्या जागी असणे फार अवघड वाटले, हे कबूल करतो.

गप्प बसायला कारणे पुष्कळ होती. पहिले म्हणजे, विमानात दोघे असतात. नागपूरकरांना तर याचा दाखला घरचाच आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या विमानाच्या कॅप्टनला आकाशात हृदयविकाराचा झटका आला, सहवैमानिकाने विमान सोनेगावला सुखरूप उतरवले, शंभराहून अधिक प्रवासी वाचले. कॅप्टन मात्र इथल्याच रुग्णालयात काही दिवसांनी वारले. दोन वर्षांनी, पुन्हा ऑगस्टमध्येच, पुण्याला निघालेला एक चाळिशीचा कॅप्टन इथे बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि गेला. त्या दिवसांत माझ्या दुकानात दुसरा विषय नव्हता. या दोन्ही घटनांत आधी कोणी बोलायला हवे होते असे मला वाटत नाही. दिसण्यासारखे काही असल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही, आणि दुसरा वैमानिक असतो तो अशाच वेळेसाठी.

पण मग मंगळुरू आठवते. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या पलीकडे गेले आणि १६६ पैकी १५८ माणसे गेली. चौकशीत असे निघाले, की कॅप्टन वाटेत तासाहून जास्त वेळ गाढ झोपले होते, कॉकपिटच्या रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज होता, आणि जाग आल्यानंतरही डोक्यावरचा अंमल पुरता उतरलेला नव्हता. शेजारच्या सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर चला असे तीन वेळा सुचवले होते. तो बोलला होता. त्याचे ऐकले गेले नाही. दुसरा वैमानिक असतो हे खरे, पण तो केव्हा आणि किती असतो याची हमी मी काउंटरवर बसून कोणाला देणार होतो? शिवाय इथे तर ज्याच्यावर भिस्त ठेवायची, तो दुसरा वैमानिकच गोळ्या घेत होता.

दुसरे कारण गुप्ततेचे. गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय आहे हे दुकानदाराने पिशवीबाहेर काढायचे नसते. गल्लीतल्या कोणाला मूळव्याध आहे आणि कोणाला मूल होत नाही, हे पोटात ठेवूनच मी चौतीस वर्षे दुकान चालवले आहे. याच विषयावरचा सर्वांत भयंकर दाखला २०१५ च्या मार्चमधला आहे. फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरात एका जर्मन सहवैमानिकाने विमान जाणूनबुजून आदळवले आणि १५० जण मेले. त्याला तपासणाऱ्या खाजगी डॉक्टरांना त्याचा आजार दिसला होता, एकाने मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला होता, कामावर जाऊ नये अशी प्रमाणपत्रे लिहून दिली होती. पण ती प्रमाणपत्रे त्याने कंपनीला दाखवली नाहीत आणि डॉक्टरांनी विमान खात्याला कळवले नाही, कारण तिथला गुप्ततेचा कायदा कडक होता आणि तो केव्हा मोडावा हे कोणालाच नेमके माहीत नव्हते. फ्रेंच चौकशी अहवालाने पुढच्या वर्षी नेमकी हीच सीमारेषा स्पष्ट करा, अशी शिफारस केली.

हा दाखला त्या मुलाला लावणे हा अन्याय आहे, हेही मला कळत होते. झोप येत नाही म्हणून गोळी घेणारा माणूस आणि तो माणूस यांच्यात फार मोठे अंतर आहे. ते पुसले, तर उद्या एकही वैमानिक डॉक्टरकडे जाणार नाही. मला त्या अहवालातून घ्यायचे होते ते एवढेच, की प्रत्येक जण आपल्या वाट्याचा तुकडा नियमाने सांभाळून बसला होता.

तिसरे कारण मी बरेच दिवस स्वतःशीसुद्धा उच्चारले नाही. वहिनींच्या घरी संक्रांतीला कसे जायचे? गुप्ततेचे तत्त्व वगैरे सगळे खरे, पण मला गप्प बसवणारी गोष्ट ही होती. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या गाडीच्या चालकाला एका जपानी सहवैमानिकाच्या तोंडाला दारूचा वास आला, त्याने कळवले, आणि तो वैमानिक मर्यादेच्या नऊपट दारू प्यायलेला निघाला. त्याला दहा महिन्यांची कैद झाली. त्या चालकाचा मला हेवा वाटला. त्याच्याकडे वास होता, वासाला वाद नसतो. आणि त्या वैमानिकाची आई त्याच्या गल्लीत राहत नव्हती.

शेवटी मी आधी डॉक्टरांना फोन केला, कारण चिठ्ठीबद्दल शंका असेल तर लिहिणाऱ्याला विचारणे हा माझा हक्कच आहे. ते म्हणाले, "शिफ्ट ड्यूटी आहे असं म्हणाला होता तो." खोटे नव्हते. मी व्यवसाय सांगितला तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती, मग ते म्हणाले, की पुढच्या भेटीत विचारून घेतो. पुढची भेट एक महिन्यानंतर.

मुलगा सुटीला आल्यावर मी त्याला संध्याकाळी सोनेगाव तलावाकडे फिरायला नेले. काउंटरवर हे बोलणे शक्य नव्हते. मी गोळ्यांचे नाव काढताच तो थांबला.

"काकाजी, मी फक्त सुटीच्या रात्री घेतो."

"महिन्याला तीस सुट्या देतात का रे तुला?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग एकदम सगळे निघाले: एक आठवडा पहाटेची उड्डाणे, पुढच्या आठवड्यात रात्रीची, वडील गेल्यापासून अंधारात डोळे उघडे, आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता. पगाराचा मोठा भाग उडलेल्या तासांवर मिळतो, घरी बसले की तो बुडतो. "एखाद्या दिवशी बरं नाही म्हणून कळवलं तर कोणी काही म्हणत नाही," तो म्हणाला, "पण या गोळीचं नाव काढलं, की मेडिकल सर्टिफिकेट गेलं. मग अनफिट, मग बंगळुरूला हवाई दलाच्या डॉक्टरांपुढे. परत कधी उडीन कोण सांगणार?" साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्याचा नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाला होता, पण तो त्याला तरी अजून कागदावरचाच वाटत होता. त्याच्या बोलण्यातले काहीच मला खोडता आले नाही. जो सांगेल त्याचे नुकसान आणि जो लपवेल त्याचा पगार चालू, अशी व्यवस्था असेल तर माणसे लपवणारच.

"मग आजपासून बंद करतो, झालं?" तो म्हणाला, आणि मला त्यालाच विरोध करावा लागला. चार महिने रोज घेतलेली ही गोळी एका दिवसात सोडली तर हात थरथरतात, झोप पार उडते, क्वचित झटकेही येतात. आणि हे कॉकपिटमध्ये झाले तर गोळी घेण्यापेक्षा वाईट. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते. मी त्याला सांगितले, की कंपनीच्या डॉक्टरला तू स्वतः सांग, आठ दिवसांत नाही सांगितलेस तर मी डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतूक महासंचालनालयाला, लिहीन.

"तुम्ही बाबांचे मित्र ना?" एवढेच तो म्हणाला. परतीच्या वाटेवर आमच्या डोक्यावरून एक विमान चाके काढून खाली गेले. आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.

सातव्या दिवशी त्याचा फोन आला. त्याने सांगितले होते, त्याला उड्डाणावरून काढले होते आणि गोळी कमी करण्याचे वेळापत्रक कंपनीच्याच डॉक्टरांनी आखून दिले होते. त्यानंतर साडेतीन महिने तो घरी होता, सकाळी दूध आणायला जाताना दिसत असे; आता पुन्हा उडतो आहे. वहिनींना कारण कळले तेव्हा त्यांनी भांडण केले नाही, उधारीची वही काढायला लावून मागचे सगळे पैसे चुकते केले आणि आता रस्त्यापलीकडच्या दुकानातून गोळ्या नेतात. संक्रांतीला मी गेलो नाही.

लोकांना यात माझे धाडस दिसेल, ज्या एक-दोघांना सांगितले त्यांना दिसलेही. मला दुसरेच दिसते. तलावाकाठी मी त्याला आठ दिवसांची मुदत दिली, आणि तोवर आजारी म्हणून कळव, असे सुचवले. तो "पाहतो" म्हणाला. मी पुढे रेटले नाही. मुलगा रडवेला झाला होता, अंधार पडत होता, आणि मला घरी जायचे होते. तीन वेळा नियमाने आणि चौथ्या वेळी सवयीने मीच विकलेल्या त्या गोळ्यांमधल्या बऱ्याचशा तेव्हा त्याच्या बॅगेत होत्या. फोन यायच्या आधीच्या त्या सात दिवसांत तो किती वेळा उडाला, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.