कुटुंब तिकीट

वहिनीने संध्याकाळी ग्रुपवर राणीच्या बागेचा हिशोब टाकला. कुटुंब तिकीट 100. ताई 50. एकूण 150. खाली पेंग्विनचं चित्र. मी अंगठा दाखवून फोन उलटा ठेवला आणि मेथी निवडायला बसले. पण काड्या भांड्यात आणि पानं कचऱ्यात, असा प्रकार सुरू झाला. डोक्यात एकच. ताई 50.

हिशोब बरोबर आहे. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून 100, मोठ्या माणसाला सुटं तिकीट 50. मुंबईच्या मानाने फुकटच म्हणायचं. शिवाय सगळे पैसे मीच भरणार होते, तेव्हा तो प्रश्नच नाही. तरी बेरीज झाल्यावर भागाकार केलाच. त्यांना डोई 25, मला 50. एकटं माणूस सगळीकडे महागच पडतं. सहलीला जा, एकटीला खोलीचे जादा पैसे, आणि वर विचारणार, सोबत कोणी नाही का? सोबत. जाऊ दे, तो विषय आज नको.

आई येत नाही म्हणाली. गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण माझ्या भावाला, मंदारलाही ठाऊक आहे आणि मलाही. असो.

मग सगळा बेत माझ्याच गळ्यात. बुधवारी बाग बंद असते हे मी सांगितलं नसतं तर मंदार नेमकी बुधवारची रजा टाकत होता. रविवार नको, हेही मीच म्हटलं. रविवारी प्राण्यांपेक्षा माणसंच जास्त बघावी लागतात. भायखळ्याला पूर्वेला उतरायचं, तिथून चालत, टॅक्सीचे लाड नाहीत. आखायचं सगळं आत्याने, आणि हिशोबात आत्या शेवटच्या ओळीत, सुटी. रडगाणं चाललंय हे लिहितानाच कळतंय. चालू दे.

चिनूला फक्त पेंग्विन बघायचेत. प्रश्न माझ्याकडेच येणार, म्हणून रात्री वाचत बसले. हम्बोल्ट पेंग्विन. हे बर्फातले नव्हेतच, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. आपल्याकडे 2016 मध्ये दक्षिण कोरियातून आले, 2017 च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळाले. मादी बहुतेक दोन अंडी घालते आणि जोडी आळीपाळीने चाळीसेक दिवस ती उबवते. म्हणजे आई, बाबा, दोन पिल्लं. कुटुंब तिकिटात चपखल! मी इतक्या मोठ्याने हसले की आतून आईने विचारलं, काय गं झालं? काही नाही म्हटलं. पेंग्विनांनीही मला बाहेर ठेवलं, हे तिला काय सांगणार.

त्यापेक्षा हत्ती बरे. कळपात सगळ्या बायकाच, थोरली पुढे, आणि पिल्लावर लक्ष ठेवायला त्याच्या आईसोबत मावश्यांची फौज. तिथे सुटं तिकीट लावायचं कोणाला? शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी घारापुरीचा दगडी हत्ती आहे. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना तो पडून फुटला, मग 1914 मध्ये तुकडे जोडून उभा केला. मुलांना तो दाखवायचाच आहे. मला तो फार आवडतो. का, ते नको.

खरं तर पिंजऱ्यांत मला रस कमीच. बाग 1862 ची आहे, आणि मला हवी असतात ती तिथली झाडं. पिंपासारख्या बुंध्याची गोरखचिंच. नशिबात असेल तर फुललेली उर्वशी. आणि कैलासपती. त्याची फुलं वर शेंड्याला शोधायची नाहीत, ती खोडातूनच निघालेल्या दोरांसारख्या डहाळ्यांवर येतात. गुलाबी, जाड पाकळ्या, आत पिंडी आणि तिच्यावर वाकलेला फणा. त्याच खोडाला नारळाएवढी तपकिरी फळं लटकलेली. या झाडापाशी वहिनी दोन मिनिटांच्या वर उभी राहणार नाही, हे लिहून देते. बिचारीची मुलं तरी उभी राहू देतील का?

तर ठरलं. पेंग्विनच्या रांगेत चौघांनी एकत्र उभं राहायचं, त्यांचं तिकीटच एक आहे. माझं सुटं आहे, मी झाडांकडे.

मघाशी चिनूचा फोन आला होता. एका झाडापुरती त्याची परवानगी मिळाली, तीही पेंग्विन झाल्यावर. मी म्हटलं, ठीक, मग कैलासपती बघू, म्हणजे तोफेच्या गोळ्यांचं झाड. गोळे खरंच फुटतात का? उंचावरून पडले की फुटतात, आणि आत असा घाण वास असतो की माणूस नाक धरून पळतो. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग वहिनीला ओरडून सांगणं: आई, आधी आत्याचं झाड!