चलनावरचा माल आणि आमचं नवीन सॉफ्टवेअर

कोल्हापुरात आमचं सर्जिकल मालाचं आणि इम्प्लांटचं वितरण आहे. मिरज, सांगली, कराड आणि तिकडे बेळगावपर्यंतची हॉस्पिटलं आमच्याकडून माल घेतात. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सोडून खरेदी, साठा, हिशेब, वसुली असं सगळं एकत्र सांभाळणारं मोठं सॉफ्टवेअर घेतलं. डेमो, लायसन्स, पार्ट्यांची यादी चढवणं, जीएसटी पोर्टलची जोडणी हे सगळं बिनबोभाट झालं. ई-इन्व्हॉइस पहिल्याच दिवशी निघालं. अडलं ते चलनावर, म्हणजे बिल न करता माल पाठवताना सोबत जाणाऱ्या कागदावर, आणि त्या मधल्या महिन्यांची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं.

या धंद्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. हॉस्पिटल स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळीची नळी, आधी विकत घेऊन ठेवत नाही. व्यास सव्वादोन मिलिमीटरपासून चारपर्यंत, त्यात प्रत्येकाच्या वेगवेगळ्या लांब्या. कुठला लागणार हे डॉक्टरांना अँजिओप्लास्टी चालू असतानाच कळतं. म्हणून सगळ्या मापांचा संच आम्ही कॅथलॅबच्या, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीच्या, कपाटात ठेवतो. माल आमचाच, कपाट त्यांचं. एखादा वापरला की सिस्टर पाकिटावरचं स्टिकर पेशंटच्या फाइलवर लावतात, एक आम्हाला पाठवतात, मग आम्ही बिल करतो. हाडांच्या प्लेट आणि स्क्रूंचंही तेच. लग्नाला दिलेल्या भांड्यांसारखा हा हिशेब: किती गेली, किती परत आली, किती तिकडेच राहिली. कायद्यालाही हे मान्य आहे. पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल तो वापरला की किंवा पाठवल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी होईल तेव्हा करायचं.

आमच्या सॉफ्टवेअरला मात्र दोनच गोष्टी कळत होत्या: माल गोडाऊनमध्ये आहे किंवा विकला गेला आहे. बसवून देणाऱ्या कंपनीने चलनाला ‘अर्धी विक्री’ करून टाकलं. चलन काढलं की साठा कमी, आणि वापर झाल्यावर बिल केलं की तोच साठा पुन्हा कमी. पहिल्याच महिन्यात अर्धी मापं उणे दिसायला लागली. तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, निगेटिव्ह स्टॉक अलाउ करून टाका, एरर येणार नाही." खरंच आली नाही. त्यानंतर सॉफ्टवेअरने तक्रार करणंच सोडलं, आणि कुठल्या कपाटात काय पडलंय हे कुणालाच सांगता येईना.

तक्रार नोंदवायला पोर्टल होतं. नोंदवली की दोन दिवसांनी एक नवीन मुलगा फोन करायचा. त्याला कॅथलॅब म्हणजे काय इथपासून सुरुवात. सगळं ऐकून झालं की तो शांतपणे म्हणायचा, "पण माल तुमच्याकडून गेला ना मॅडम? मग सेल झाला." संध्याकाळी तक्रार ‘बंद’ झालेली दिसायची. पुन्हा उघडायची, पुन्हा दुसरा मुलगा. मुलं वाईट नव्हती, कुणी त्यांना हा धंदा सांगितलाच नव्हता. त्यांच्या साहेबांच्या आढावा बैठकीत मात्र दर वेळी काम ‘जवळपास पूर्ण’ असायचं, कारण स्क्रीन सगळ्या तयार होत्या. त्या बैठकांत आमचा गोडाऊनवाला कधी नसायचा. तुम्ही मात्र तुमच्या गोडाऊनवाल्याला पहिल्या डेमोपासून बसवा. साहेब लोक स्क्रीन बघतात, तो कपाट बघतो.

गाडं कुठं अडलंय हे मला कुठल्या रिपोर्टवरून कळलं नाही. गोडाऊनमधल्या काकांच्या टेबलाखाली एक लांब वही सापडली, हॉस्पिटलवार, मापवार, पेन्सिलीने लिहिलेली. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरमध्ये भरतोय की. पण धंदा कशावर करायचा?" मग मी खोदायला घेतलं. कित्येक मालाची बॅच ‘०००’ आणि मुदत 31 डिसेंबर 2099 अशी टाकलेली, कारण त्याशिवाय नोंद पुढे सरकत नव्हती. जुनं सॉफ्टवेअर कोपऱ्यातल्या मशीनवर चालूच होतं. चलनं माल गेल्यावर संध्याकाळी एकत्र निघत होती, आणि महिनाअखेरीला ‘ॲडजस्टमेंट’ नावाच्या नोंदींची रांग. तुमच्याकडे यातल्या दोन गोष्टी जरी दिसल्या, तर आणखी ट्रेनिंग मागू नका. लोक शिकलेले असतात. शिकलेले असतात म्हणूनच वही ठेवतात.

कंपनीने चलनासाठी खास मॉड्यूल लिहून देण्याचं कोटेशन पाठवलं. आकडा बघून आमचे सासरे हसले, मला हसू आलं नाही. एका रात्री सेटिंग चाळत बसले होते. डेमोत त्यांनीच दोन गोडाऊनमध्ये माल हलवून दाखवला होता. मग प्रत्येक हॉस्पिटलचं कपाट हे आमचंच एक गोडाऊन मानलं तर? चलन म्हणजे आपल्या गोडाऊनमधून त्या कपाटात बदली. वापर म्हणजे त्या कपाटातून विक्री. परत आला की उलटी बदली. कोडची एक ओळ लागली नाही. सकाळी एका माणसाला धरून एका हॉस्पिटलवर करून बघितलं, साठा एकदाच कमी झाला. याचा मला अजून अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

अवघड काम त्यानंतरचं होतं. खरा आकडा मिळाल्याशिवाय नवीन सुरुवात होत नाही. रविवारी ठरलेल्या केसेस नसतात म्हणून त्या दिवशी स्कॅनर घेऊन कपाटं मोजली. मिरजेत मोजणी अर्ध्यावर असताना इमर्जन्सी आली आणि मोजलेल्यातलाच स्टेंट लागला, म्हणून सिस्टरांच्या सहीचा कागद सोबत ठेवाच. सांगलीच्या चलनावरचा माल मिरजेच्या कपाटात निघाला, आमच्याच प्रतिनिधीने रात्री पिशवीतून पोहोचवलेला. मुदत संपलेलाही निघाला. जो सापडलाच नाही तो तोटा म्हणून लिहिला आणि त्यावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत केलं. सीए त्यावर ठाम होते आणि बरोबर होते. एक तारीख ठरवून जुनी सगळी चलनं बंद केली, मोजलेला आकडा आरंभीचा साठा म्हणून चढवला, आणि त्या रात्री कोपऱ्यातलं मशीन मी स्वतः बंद केलं.

बारकोडचं आधी सांगायला हवं होतं. पाकिटावरच्या कोडमध्ये 17 या खुणेनंतरचे सहा आकडे मुदतीचे असतात: वर्ष, महिना, दिवस. दिवस 00 असेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. आमचं सॉफ्टवेअर महिन्याची पहिली तारीख धरायचं आणि चांगला माल महिनाभर आधी अडवायचं. औषधांवर नुसता महिना-वर्ष छापलेला असतो, तिथेही हेच तपासा. आणि जो आधी आला तो आधी द्या, अशी सेटिंग असते ती बदला. ज्याची मुदत आधी संपते तो आधी गेला पाहिजे.

किंमत बॅचवर हवी, मालावर नको. स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी 2017 पासून सरकार ठरवतं आणि ती बदलत राहते. एकाच मापाच्या दोन बॅचवर दोन एमआरपी असू शकतात. जीएसटीचा दर तारखेवर हवा. 22 सप्टेंबर 2025 ला ग्लोव्हज आणि गॉज 12 टक्क्यांवरून 5 वर आले, तेव्हा कुणीतरी मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, सरळ नवा आकडा टाकला आणि ऑगस्टच्या बिलाची क्रेडिट नोटही (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) 5 टक्क्यांनी निघाली. जुन्या बिलाला जुनाच दर लागतो.

बेळगावच्या मालाला 50 हजारांच्या वर ई-वे बिल (माल रस्त्याने नेण्याआधी करायची ऑनलाइन नोंद) लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर. सॉफ्टवेअरला दोन्हीकडे एकच आकडा माहीत होता. चलनालाही हे लागू आहे, नुसत्या बिलाला नाही. ड्रायव्हरला निपाणीच्या रस्त्यावर उभं करायचं नसेल तर हे आधी बघा.

करारात दोन ओळी लिहून घ्या: आमचा डेटा कधीही पूर्ण काढून मिळेल, आणि शेवटचा हप्ता आमच्या मोजणीशी सॉफ्टवेअरचा साठा जुळल्यावर. आमच्या करारात शेवटचा हप्ता ‘सर्व स्क्रीन कार्यान्वित झाल्यावर’ असा होता. तो त्यांनी वेळेत मागितला. त्या मॉड्यूलचं कोटेशनही दर तिमाहीला ईमेलवर येतं, नव्या दराने.