मुंग्या येतात, त्यात करंगळी आहे का?

हाताला मुंग्या येणारा जवळपास प्रत्येक पेशंट "पूर्ण हात बधिर होतो" असंच सांगतो. तेवढ्यावर कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या आजाराचा, शिक्का मारू नये. कागदावर पंजा काढून द्यावा आणि मुंग्या येतात तिथे पेनने रेघोट्या मारायला सांगावं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू भरली, तर मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दबत असल्याची शंका बळावते. करंगळीच भरली तर कोपर तपासा, करंगळीची अल्नर नस तिथे दबते. कार्पल टनेलमध्ये अंगठ्याच्या बुडाशी तळव्याची कातडी मात्र बधिर होत नाही, कारण तिथे जाणारी मीडियन नसेची फांदी बोगद्याच्या आधीच फुटते. तिथेही बधिरपणा असेल तर दाब वर कुठेतरी असतो. मान तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग रात्रीचं विचारावं. झोपेत मनगट मुडपतं, जाग येते. "मग काय करता?" म्हटलं की बरेच जण बोलण्याआधी हात झटकून दाखवतात. ही खूण केसपेपरवर लिहाच.

मग मुंग्या मुद्दाम आणून बघायच्या दोन चाचण्या. फेलेन चाचणीत मनगटं पूर्ण वाकवून ६० सेकंद धरायची. ड्युर्कन चाचणीत बोगद्यावर अंगठ्याने ३० सेकंद दाब द्यायचा. चूक होते ती निकाल वाचताना. नुसतं मनगट दुखलं म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, त्याच बोटांत मुंग्या यायला हव्यात. शेवटी तळवा वर ठेवून अंगठा छताकडे उचलायला सांगा आणि खाली दाबून बघा. अंगठ्याचा जोर कमी पडला, बुडाचा उंचवटा बसलेला दिसला, तर नस बरेच दिवस दबलेली आहे.

एनसीएस (नसेतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) करताना हात गरम हवा, साधारण ३२ अंशांच्या वर. एसी खोलीत गारठलेल्या हातात नस उगाच मंद दिसते. म्हणून त्याच हाताच्या अल्नर नसेशी तुलना केलेला रिपोर्ट मागावा. सुरुवातीच्या काळात रिपोर्ट नॉर्मलही येतो, तेवढ्याने निदान खोडू नये.

कामाचं काय? सगळे कीबोर्डला धरतात, पण त्याविरुद्धचा पुरावा तसा लेचापेचा आहे. जोर लावून तीच ती हालचाल आणि थरथर, यांचा पुरावा भक्कम: रस्ता फोडणारा ब्रेकर, ग्राइंडर, मांस कापणं. ब्रिटनमध्ये हा भरपाईयोग्य व्यवसायजन्य आजार आहे. तिथे कारण म्हणून थरथरणारी यांत्रिक अवजारं वापरणं मोजतात, किंवा आठवड्याला किमान २० तास, दर ३० सेकंदांना निदान एकदा मनगट वर-खाली होणारं काम. आपल्याकडेही हिस्टरी याच मापाने घ्यावी. "शिलाईकाम करते" एवढं पुरत नाही. कोणतं अवजार, कोणत्या हातात, किती तास, सुट्टीत बरं वाटतं का, हे सगळं हवं.

सोबत एचबीए१सी (मधुमेहासाठी) आणि टीएसएच (थायरॉईडसाठी) या रक्ततपासण्या करा. गरोदरपण, संधिवात, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर विचारा. मधुमेह सापडला म्हणून काम निर्दोष ठरत नाही, दोन्ही मिळून नस दाबू शकतात.

सौम्य केसमध्ये रात्री स्प्लिंट (मनगट स्थिर ठेवणारा पट्टा), सहा आठवडे. दुकानातल्या बऱ्याच स्प्लिंटची पट्टी मनगट मागे वाकेल अशी बाकदार असते, त्याने बोगद्यातला दाब उलट वाढतो. पट्टी काढून हाताने सरळ करावी, मग बांधावी. उंचवटा बसलेला असेल तर मात्र स्प्लिंटवर महिने घालवू नयेत, थेट हँड सर्जनकडे पाठवावं.