आमची वाटचाल : वाळूज ते मिरकरवाडा

मराठवाड्यातल्या वाळूजच्या एमआयडीसीत बसून समुद्राच्या कामाचं, म्हणजे खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या पंपांसारख्या मालावर गंज रोखणारं कोटिंग करतो म्हटलं की लोक अजूनही विचारतात, इथं कुठला आलाय समुद्र? भाड्याचा गाळा, सेकंडहँड कॉम्प्रेसर आणि भागीदार म्हणून माझे दाजी, एवढ्यावर आम्ही उभे राहिलो. ब्लास्टिंगचं, म्हणजे हवेच्या दाबानं खर मारून धातू साफ करण्याचं नोझल पहिल्या दिवसापासून दाजींच्याच हातात. एसए अडीच या सफाईच्या दर्जाचा, जवळजवळ पांढरा पृष्ठभाग काढावा तर त्यांनीच.

2016 चा उन्हाळा आम्ही जन्मात विसरणार नाही. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं, इकडे उद्योगांचं पाणी कापलेलं. नेमकी तेव्हाच खाऱ्या पाण्याच्या पंपांची जुनी केसिंग (बाहेरची कवचं) आली होती, आमची तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. असा माल ब्लास्टिंगआधी गोड्या पाण्यानं प्रेशरनं धुवावा लागतो. आम्ही बोअरच्या टँकरवर भागवलं. प्रोफाइल, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा 75 मायक्रॉन, धातू दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या) तीन अंश वर, रजिस्टर चोख. तीन महिन्यांत इपॉक्सीच्या कोटिंगवर वाटाण्याएवढे फोड! चाकूनं फोडला की आत पाणी आणि खाली काळं पडलेलं बीड, म्हणजे केसिंगचं ओतीव लोखंड. खड्ड्यांतलं मीठ निघालं नव्हतं, त्यात बोअरच्या क्षारांची भर. फिल्मखाली मीठ राहिलं की ते बाहेरचं पाणी आत ओढतंच.

सगळा लॉट परत. ताईच्या पाटल्या गहाण टाकून आम्ही तो पुन्हा केला. त्यातच इथल्याच एका कोटिंगवाल्यानं आमच्या ग्राहकांना फोन लावले : "दुष्काळी माणसाला समुद्र काय कळणार?" चूक आमची होती, कबूल. पण त्याच्याकडे तरी मिठाची चाचणी कोण करत होतं? ते वाक्य मला आजही सलतं.

थांबले ते एकटे रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचे एक ट्रॉलरमालक. त्यांची चार केसिंग त्याच लॉटात होती. म्हणाले, "मीठ काढायला शिका भाऊ, तोवर मी जुन्या पंपावर काढतो." पुढं दोन हंगाम त्यांनी दुसरीकडे माल टाकला नाही.

नव्यानं धंद्यात येणाऱ्या पोरांना सांगतो, महागडी स्प्रे गन नंतर घ्या, आधी ब्रेसल पॅच (धातूवरचं मीठ पाण्यात उतरवून घ्यायची चिकटपट्टी) आणि त्या पाण्यातलं मीठ मोजायला कंडक्टिव्हिटी मीटर घ्या. जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांना चौरस मीटरला 50 मिलिग्रॅम मिठाची मर्यादा आहे, आम्ही तीच सगळ्या मालाला लावतो. पॅच खड्डे पडलेल्या जागी चिकटवा, गुळगुळीत जागा बघून नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. आरओ बसवला, पाटल्या सुटल्या. तरी उन्हाळ्यात टँकर लागतोच. तो गेटवर आला की दाजी आधी मीटर बुडवून बघतात, मगच व्हॉल्व्ह उघडू देतात.