दीव: गोवा विसरून पाहायचं बेट

दीवला 'छोटा गोवा' म्हणणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. पोर्तुगीज राजवट दोन्हीकडे १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली, साम्य बहुतेक तिथेच थांबतं. गोव्याची हिरवाई इथे नाही. इथे आहे कोरडा सौराष्ट्र, पिवळट दगड आणि खोडालाच फांद्या फुटणारी होका ताडाची झाडं.

हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशाहने १५३५मध्ये पोर्तुगीजांशी तह केला आणि इथे किल्ला बांधायची परवानगी दिली. पुढे १५३८ आणि १५४६चे दोन मोठे वेढे या किल्ल्याने पचवले. तो सकाळीच पाहावा. आत सावली जवळजवळ नाही. अकरानंतर तटावरचा दगड तापतो आणि माणसं निम्मा किल्ला सोडून परततात. पाणी सोबत ठेवा. समुद्राचं पाणी आत घेणारा खंदक आणि तोफा रोखलेले बुरुज निवांत बघितले, तर वेढे का फसले ते आपोआप कळतं. समोर खाडीच्या तोंडाशी पाणकोठा हा पाण्यातला छोटा किल्ला उभा आहे, तो धक्क्यावरूनही छान दिसतो.

नायडा गुंफांचं गणित उलटं. तिथे ऊन डोक्यावर आल्यावरच जावं, म्हणजे छताच्या भोकांतून उजेड थेट खाली उतरतो. दगड काढून काढून झालेल्या या पोकळ्या. तळ उंचसखल, त्यामुळे चपलांऐवजी बूट बरे.

फुदमच्या गंगेश्वराला मात्र भरतीची वेळ विचारून जा. कपारीतली पाच शिवलिंगं लाटांनी न्हाऊन निघतात ती भरतीलाच. ओहोटीला कोरडा खडक बघून लोक हिरमुसतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. पायऱ्यांवर शेवाळ असतं.

पोहायचं तर नागोवाचा अर्धचंद्राकृती किनारा. शनिवार-रविवारी आणि दिवाळीत तिथे पाय ठेवायला जागा नसते. घोघला त्यामानाने मोकळा. पावसाळ्यात दोन्हीकडे पाण्यात शिरू नये.

मुंबईहून रेल्वेने वेरावळ, पुढे रस्त्याने कोडीनार-उनामार्गे सुमारे ९० किलोमीटर. बेटावर भाड्याची स्कूटर पुरते. परतताना सामानात बाटली नको: दीवमध्ये दारू चालते, पण नाक्यापलीकडे गुजरातची दारूबंदी लागते आणि तिथे गाड्या तपासतात.