प्रकाशवर्षं आणि कूलरचं पाणी

दोन मिनिटांचा ट्रेलर. निळ्या ग्रहामागून एक जहाज हळूहळू बाहेर येतं, संगीत चढतं, काळ्या पडद्यावर तारीख उमटते. आणि नागपुरात मानेवाड्याच्या एखाद्या गच्चीखालच्या खोलीत कुणीतरी उठून कूलर दोन फूट डावीकडे सरकवतं. या दोन गोष्टींचा संबंध घरच्यांना लागत नाही. ज्याला लागतो, तोही वाट पाहणाऱ्यांतलाच.

अंतराळातल्या ऑनलाइन गेमची वाट पाहणं हे दिसायला स्वप्नाळू काम. करायला बसलं की ते घरकाम निघतं. हजारो माणसं एकाच विश्वात, ते विश्व कधी मिटत नाही, आपण झोपलो तरी तिथे कुणी खनिज खोदतंय, कुणी कुणाला लुटतंय. एवढ्या मोठ्या आश्वासनापुढे आपल्या हाती उरते ती दहा बाय बाराची खोली. मग माणूस तीच लावायला घेतो.

कूलरपासून सुरुवात होते, कारण मे महिना. पारा 45 च्या पुढे, नवतपा लागला की रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम. कॉम्प्युटरचे पंखे हवा थंड करत नाहीत, खोलीतलीच हवा आत ओढतात. खोली 38 अंशांवर असेल तर ग्राफिक्स कार्डाची सुरुवातच तिथून. खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही जवळजवळ तेवढीच तापते. प्रोसेसर 95-100 च्या घरात गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, ऐन लढाईत चित्र अडखळतं, आणि शिव्या खातो बिचारा सर्व्हर.

मग वाटतं, कूलरच कॉम्प्युटरवर रोखावा. इथेच घात होतो. कूलरची हवा थंड असते ती ओली असते म्हणून. वाळ्याच्या ताट्या हंगामाच्या शेवटी काढून बघा: कडेला पांढरा, खरबरीत थर असतो, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. तो पाण्यातला क्षार. पंखा जोरात असला की बारीक तुषारांबरोबर तोच बोर्डावर जाऊन बसतो, धूळ धरून ठेवतो, आणि पावसाळ्यात दमट हवा लागली की त्या धुळीतून वीज नको तिथे वाट काढते. मे महिन्यात केलेल्या चुकीचं बिल जुलैत येतं. म्हणून कूलर खिडकीत, कॉम्प्युटर झोताच्या बाजूला, समोर कधीच नाही. कॅबिनेटची पाठ भिंतीपासून निदान वीतभर लांब. आणि कूलरच्या समोरचं दार उघडं, कारण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसती वाफ कोंडतो. कॅबिनेटच्या जाळ्या पंधरा दिवसांनी झटकायच्या. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत वाळते, ती पुसून वाटाण्याएवढा नवा ठिपका द्यायचा. जास्त दिल्याने जास्त थंड होत नाही, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

वीज हे दुसरं प्रकरण. उत्तर नागपुरातल्या गच्चीवरून कोराडीच्या चिमण्या दिसतात, म्हणजे वीज शेजारीच तयार होते. पण साडेदहाला सगळ्या गल्लीचे एसी एकदम लागले आणि डीपीचा फ्यूज उडाला, तर कोराडी तरी काय करणार? घरी इन्व्हर्टर आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. पुष्कळ इन्व्हर्टरांना मागच्या अंगाला एक छोटं बटण असतं, साधा मोड की यूपीएस मोड. साध्या मोडमध्ये बॅटरीवर यायला तो तीस-चाळीस मिलिसेकंद घेतो. पंख्याला, ट्यूबलाइटला त्याचा पत्ताही लागत नाही. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात, मात्र पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद पुरेल एवढाच दम असतो. मधल्या फटीत कॉम्प्युटर बंद पडतो. बटण यूपीएसकडे सरकवलं की हीच फट दहाच्या आसपास येते. एवढी साधी गोष्ट, पण ते बटण भिंतीकडे तोंड करून असतं. वेगळा यूपीएस घेणार असाल तर डब्यावरच्या आकड्याला भुलू नका: 600 व्हीए म्हणून मिळणारा बहुतेक वेळा 360 वॉट पेलतो, आणि दमदार ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर मॉनिटरसकट तेवढं सहज ओढतो. वीज गेली की यूपीएस एकदा किंचाळतो आणि तोही जातो.

खरं तर कॉम्प्युटर बंद पडला तर दोन मिनिटांत उठतो, आणि बरेचसे गेम तेवढी दोन-चार मिनिटं जागा धरून ठेवतात. राउटर बंद पडला की पुन्हा जोडणी लागेपर्यंत हीच सवलत संपते. फायबरचा पांढरा डबा आणि राउटर, दोन्ही बहुधा बारा व्होल्टवर चालतात. त्यांच्यापुरता छोटा डीसी यूपीएस मिळतो. सीताबर्डीत मिळणाऱ्या सगळ्या रंगीत दिव्यांच्या कीबोर्डांपेक्षा तो जास्त कामाचा. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत कॅट सिक्सची वायर, दाराच्या चौकटीवरून खिळ्यांनी नेलेली. वायफायचा वेग कितीही दिसला तरी शेजारच्या पाच घरांचे राउटर त्याच लहरींवर बोलत असतात, आणि गेमला वेग नको असतो, सातत्य हवं असतं.

झीरो माइलच्या स्तंभापाशी दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. गेमवाल्यांचे मैल मिलिसेकंदांत असतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत यायला दहा मिलिसेकंद. निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. मुंबईचा सर्व्हर असेल तर नागपुरात तो पंचवीस-तीस, सिंगापूर सत्तर ते नव्वद, युरोप दीडशेच्या आगेमागे, अमेरिका सव्वादोनशेच्या वर. सिंगापूर नकाशावर दिसतं तेवढं जवळ पडत नाही, कारण तार सरळ जात नाही. आधी मुंबई किंवा चेन्नई गाठायची, तिथून समुद्रात उतरायचं. देशाच्या मधोमध असल्याचा नागपूरकरांना कोण अभिमान, पण पिंगच्या हिशेबात मधोमध म्हणजे कुठलाच समुद्र जवळ नाही.

त्यातही गेम कोणत्या घडणीचा आहे ते पाहायला हवं. नेम धरून गोळी मारायची असेल तर दीडशेचा पिंग म्हणजे समोरचा माणूस आपल्याला दिसतो तिथे आता नसतोच. उलट 2003 पासून चालू असलेला आइसलंडकरांचा ‘ईव्ह ऑनलाइन’ घ्या. त्याचा सर्व्हर जगाचा हिशेब सेकंदाला एकदाच मांडतो. एक सेकंद म्हणजे हजार मिलिसेकंद. त्यात लंडनवाल्याचे वीस आणि नागपूरवाल्याचे दीडशे, दोघेही सहसा एकाच गाडीत बसतात. म्हणून घोषणा वाचताना जाणकार माणूस ग्रह किती, जहाजं किती हे सोडून देतो आणि खाली बारीक अक्षरांत सर्व्हर कुठे आहेत ते शोधतो. ईव्हची आणखी एक गंमत: रोजची डागडुजी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेने अकराला, म्हणजे आपल्याकडे बरोबर साडेचारला. चहा टाकायची वेळ.

वेळेचा घोळ वेगळाच. अमेरिकेतली कंपनी सकाळी दहाची पॅसिफिक वेळ जाहीर करते. त्यांच्या उन्हाळी घड्याळाने ती आपली रात्री साडेदहा, हिवाळी घड्याळाने साडेअकरा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं बदलतात, आपली बदलत नाहीत, आणि दरवर्षी कुणीतरी एक तास आधीच हेडफोन चढवून बसतं. यूटीसीच्या मध्यरात्री उघडणारा गेम मात्र नागपूरला मानवतो: पहाटे साडेपाच, भिंती निवलेल्या, व्होल्टेज पूर्ण, गल्लीत झाडूचा आवाज.

पैशांचं थोडक्यात. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपणहून चालू करेपर्यंत बंदच असतात. ते आदल्या दिवशी करायचं, ऐन वेळी नाही. शंभर जीबीचा डाउनलोड शंभर एमबीपीएसच्या लाइनवर कागदावर सव्वादोन तास, प्रत्यक्षात तीनच्या आसपास. प्रीलोडची, म्हणजे आधीच उतरवून ठेवायची, फाइल कुलूपबंद येते आणि ऐन उघडण्याच्या वेळी सुटते, त्यासाठी डिस्कवर गेमच्या आकाराहून बरीच जास्त जागा लागते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे सुटणं इतकं रेंगाळतं की तोवर खेळाडूंनी घ्यायची सगळी चांगली नावं संपतात.

या जातीच्या गेमांचा इतिहास माहीत असणारा माणूस उतावळा होत नाही, निदान तसं दाखवत नाही. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ 2011 च्या 15 डिसेंबरला बंद झाला आणि पाचच दिवसांनी त्याच विश्वातला ‘द ओल्ड रिपब्लिक’ उघडला. तेरावंही झालं नव्हतं. ‘टॅब्युला रासा’चा कर्ता रिचर्ड गॅरियट 2008 च्या ऑक्टोबरात खरोखरच सोयूझमधून अंतराळ स्थानकावर जाऊन आला, आणि पुढच्याच महिन्यात त्याचा अंतराळातला गेम बंद होणार असल्याचं जाहीर झालं. ‘वाइल्डस्टार’ 2014 ला आला, 2018 ला गेला. ‘अनार्की ऑनलाइन’ 2001 च्या जूनमध्ये उघडला तो इतका कोलमडत, की अपशकुनी सुरुवात म्हटली की अजून त्याचंच नाव निघतं. पण दोन दशकं उलटून गेल्यावरही तो चालूच राहिला. ‘स्टार सिटिझन’ने 2012 मध्ये लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात केली आणि 2025 उजाडलं तरी तो अल्फातच, म्हणजे कच्च्या चाचणीतच होता. 2012 मध्ये जन्मलेली पोट्टी तोवर सातवी-आठवीत गेली. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या फजितीवरून काही ठरवू नये, आणि ट्रेलरवरून तर मुळीच नाही.

तरी ठरवलं जातंच. महिनाभर आधी टोळी जमते, हेडफोनवर वऱ्हाडी सुरू होते. ‘तू हीलर होय ना बे?’ ‘मीच काऊन? मागच्या बारीलेबी मीच होतो.’ लढाऊ जहाज सगळ्यांना चालवायचं असतं. मालवाहू कुणालाच नको, दुरुस्तीचं, म्हणजे हीलरचं, तर नावच काढू नका. सावजी रस्सा ओरपायला दहाजण, कांदे चिरायला कुणी नाही, तसलीच गत. एक्सेलमध्ये तक्ते बनतात: कोणतं खनिज, कोणता कारखाना, किती तास. हा वेडेपणा वाटत असेल तर सांगायला हवं की ईव्हसाठी एक्सेलची अधिकृत जोडणीच निघाली आहे. अजून न उघडलेल्या जगाचे तक्ते बीटावरून, म्हणजे आधीच्या चाचणी आवृत्तीवरून केलेले असतात, आणि बीटातले आकडे उघडण्याच्या दिवशी बदलतात. हे सगळ्यांना माहीत असतं. तक्ता तरीही होतो.

आणि रांग. रांग का लागते, हे सीताबर्डीच्या मेन रोडवर दिवाळीच्या आदल्या रविवारी उभं राहिलं की कळतं. एका जागी शंभर खेळाडू असले तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या नव्व्याण्णवांना कळवावी लागते, म्हणजे 9,900 निरोप. हजार असले तर दहा लाखांच्या घरात. माणसं दहापट, काम शंभरपट. ईव्हने यावर नामी तोड काढली: गर्दी वाढली की सर्व्हर त्या भागातली वेळच मंद करतो, पार नेहमीच्या वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. 2014 च्या जानेवारीत तिथली एक लढाई अशीच रांगत रांगत सुमारे 21 तास चालली. बाकीचे गेम वेळ मंद करत नाहीत, दारावर माणसं थांबवतात.

तर पहाटे साडेपाच. बटण राखाडीचं निळं होतं, दाबलं की पडद्यावर आकडा येतो: 9,214. पाच मिनिटांनी 8,960. म्हणजे मिनिटाला पन्नास, म्हणजे तीन तास. बाहेर उजाडलेलं असतं, कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्रीला उकळी फुटलेली असते. जाऊन पोहे हाणून यायला भरपूर वेळ आहे. भीती एकच: आपला नंबर लागला आणि दहा मिनिटं कुणी माऊस हलवला नाही, तर सर्व्हर बाहेर काढतो आणि पुन्हा शेवटून उभं राहावं लागतं. म्हणून मॉनिटरसमोर फोन टेकवून त्याचा कॅमेरा दुसऱ्या फोनवर लावायचा, आणि हातात पोह्यांची प्लेट धरून रांग बघत उभं राहायचं. वरून आईचा आवाज येतो, कूलरात पाणी टाकलं का रे?