प्रभू, तू इथे असतास तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या संडेस्कूलमध्ये लाजराचा धडा होता, येशूने त्याला मरणातून उठवलं तो. योहान, अध्याय अकरावा. फळ्यावर मी कबर काढली होती आणि बाजूला लोटलेली मोठी धोंड. मुलांना हा धडा आवडतो. चार दिवस मेलेला माणूस पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांसकट बाहेर येतो, त्यामुळे मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प बसून ऐकतात. सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. "ताई, लाजराला उठवलं, मग माझ्या आजीला का नाही? आम्हीपण त्याला बोलावलं होतं."

त्याची आजी महिन्याभरापूर्वी गेली होती, हे मला ठाऊक होतं. मातीला मी गेले होते. तरी माझ्या तोंडून निघालं, "देवाची इच्छा असते बाळा, आपल्याला नाही कळत. चल, पुढचं वचन वाच."

त्याने वाचलं. पुढच्या दोन रविवारी तो आला नाही.

हे लिहिताना लाज वाटते, कारण असंच गप्प करणारं उत्तर मला कुणीतरी दिलं होतं आणि ते किती लागतं ते मी जाणून होते. माझा दादा तीन वर्षं डायलिसिसवर होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की आत थरथर लागायची. दादा म्हणायचा, "बघ, अजून चालू आहे." आम्ही घरात उपास धरले, मंडळीत त्याच्यासाठी साखळी प्रार्थना झाली, एकेकाने एकेक तास वाटून घेतला होता. आईने पहाटे तीन ते चारचा तास मागून घेतला. मार्च महिन्यात दादा गेला. नंतर भेटायला आलेल्यांपैकी एकाने निघताना दारात चपला घालता घालता मला सांगितलं, "विश्वास थोडा कमी पडला गं. नाहीतर प्रभूने उठवलं असतं."

कुणी सांगितलं ते लिहीत नाही, लिहिण्याने काही साधणार नाही. पण आतून आईने ते ऐकलं. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला दारातून ऐकू आलं की तिचा विश्वास कमी पडला.

त्यानंतर मी उपासनेला जात राहिले. गीतं म्हटली, दान दिलं, प्रभुभोजनही घेतलं. फक्त प्रार्थना थांबली. डोळे मिटायचे आणि आत काहीच नाही. देव नाहीच, असं कधी वाटलं नाही. तो आहे आणि आला नाही, असं वाटायचं, आणि ते जास्त जड होतं. आईच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या सगळ्यांच्या तारखा आहेत. आजोबांचा मजकूर शाईच्या पेनाचा, आता तपकिरी पडलेला. त्याखाली बाबांचा, मग आईचा. दादाच्या नावापुढे जन्म, बाप्तिस्मा, लग्न अशा तीन तारखा, तीन वेगळ्या निळ्या रंगांच्या. चौथी लिहायला आईने मला सांगितलं. "माझा हात थरथरतो, तू लिही." मी पाच महिने लिहिली नाही. रविवारी बायबल उघडलं की ते पान चिमटीत धरून घाईने उलटायचे.

एके दिवशी पाळकसाहेब घरी आले. चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, उपदेश काहीच केला नाही. मग मला विचारलं, "देवाला काय विचारायचंय तुला?" मी म्हटलं, "तू कुठे होतास, एवढंच." मला वाटलं होतं ते समजावतील. त्यांनी बायबल मागितलं, योहानाचा अकरावा अध्याय काढला आणि एकविसाव्या वचनावर बोट ठेवलं. मग बत्तिसाव्यावर. लाजराची बहीण मार्था म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. दहा वचनांनंतर दुसरी बहीण मरीया येते, त्याच्या पायांशी पडते आणि अक्षरशः तेच वाक्य म्हणते. पाळकसाहेब म्हणाले, "दोघींचं वाक्य एकच. त्या चार दिवसांत घरात एकमेकींशी किती वेळा बोलल्या असतील हे!"

लहानपणापासून शंभरदा वाचलेला अध्याय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही हा धडा नेहमी धोंडेपासून सुरू करतो. त्याआधी बहिणींनी निरोप पाठवलेला असतो की ज्याच्यावर तू प्रेम करतोस तो आजारी आहे, आणि निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहतो. सहाव्या वचनात स्पष्ट लिहिलंय. आपण ते सहावं वचन भरभर वाचून पुढे जातो. आणि बहिणी जेव्हा तोंडावर विचारतात, तेव्हा तो एकीलाही म्हणत नाही की तुझा विश्वास कमी पडला. मार्थेशी तो बोलतो, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे असं सांगतो. मरीयेला मात्र समजावत बसत नाही. तिला रडताना बघतो, कबर कुठे आहे विचारतो आणि रडतो.

त्या रात्री मी पाच महिन्यांत पहिल्यांदा प्रार्थना केली. प्रार्थना म्हणजे काय, त्या दोघींचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. उत्तर आलं नाही. पण मी कुणाशीतरी बोलत होते.

मग मी शोधायलाच लागले, आपल्यात असे विचारणारे आणखी कोण. स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा एकच विचारणा आहे, कोठवर? स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही. दर गुड फ्रायडेला आम्ही येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर तीन तास बसतो. त्यातला चौथा उद्गार प्रश्न आहे, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? शुभवर्तमानात त्या क्षणी त्याला कुणी उत्तर देत नाही.

आणि आपल्या अगदी जवळच्या, केडगावच्या पंडिता रमाबाई. त्यांचं मुक्ती मिशन आम्ही लहानपणी सहलीला जाऊन पाहिलेलं, पण त्यांनी काय काय विचारलं होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आईवडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, नवरा गेलेला, कडेवर लहानगी मनोरमा. ज्यांनी आसरा दिला त्या सिस्टर जेराल्डिनना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, आणि त्याच आजीबाईंशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल. इथल्या पुरोहितांच्या जोखडातून एवढ्या कष्टाने सुटले, आता दुसरं तसंच जोखड घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असंही विचारलं. पंचविशीच्या आसपासची, परक्या देशात, परक्यांच्या घरात राहणारी बाई हे लिहिते आहे! आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. तो मिळायला बाप्तिस्म्यानंतर आणखी सातआठ वर्षं लागली. नंतर याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल एकटीने उतरवलं. 1922 मध्ये त्या गेल्या, बायबल 1924 मध्ये पूर्ण छापून आलं. प्रश्न विचारणाऱ्या बाईला कुणी 'विश्वास कमी आहे' म्हणून मंडळीच्या दाराबाहेर काढलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आमच्या मंडळ्यांत 'संशयी थोमा' ही शिवीसारखी वापरतात, त्याचा मला आता राग येतो. येशू उठला हे त्याचे घाव पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं या शिष्याने म्हटलं, आणि आठ दिवसांनीही तो त्याच लोकांबरोबर घरात होता. तो निघून गेला नाही आणि बाकीच्यांनी त्याला घालवलं नाही. त्या आठ दिवसांबद्दल मला एकदा तरी उपदेश ऐकायचा आहे.

तर तो मुलगा. तिसऱ्या रविवारीही तो दिसला नाही तेव्हा मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. तो जिन्यात सायकलची चेन बसवत होता, हात काळे झालेले. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "तुझ्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही. मला येत नाही ते. माझा दादा गेला तेव्हा मीपण हेच विचारत होते." तो चेनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अजून विचारता?" मी म्हटलं, "हो." मी त्याला एकविसावं आणि बत्तिसावं वचन दाखवलं. हात काळे म्हणून त्याने पानाला हात लावला नाही, मान वाकडी करून वाचलं.

घरी येऊन मी आईचं बायबल काढलं आणि दादाच्या नावापुढे चौथी तारीख लिहिली. आईने चष्मा लावून बघितली, पानावरून अंगठा फिरवला आणि बायबल मिटून उशाशी ठेवलं.

तो आता येतो. शंभर पानी वही आणतो, तिच्यात प्रश्न लिहिलेले असतात. परवाचा प्रश्न मी अजून जवळ ठेवलाय. पाळकसाहेबांनाही विचारलाय, तेही विचार करताहेत. त्याने लिहिलं होतं, "लाजर नंतर म्हातारा होऊन परत मेला असेल ना? तेव्हा त्याच्या बहिणींनी काय म्हटलं?"